अस्वल पुन्हा सुधारलं

नाही हो, उभे राहा त्याच्यावर बिनधास्त, लोखंडी आहे ते स्टूल, त्याला काही होत नाही. एक पाय जरा आत वळलाय, तेवढा भिंतीच्या बाजूला घ्या म्हणजे डुगडुगणार नाही. हां, असं. आधी वरची बिजागरी घट्ट करा, ती सुटलीय, मग खाली या भोकाकडे. दिसायला मोठं दिसतं, पण आहे किती — मूठ जाईल एवढं. दार आतून पोकळच, दोन्हीकडून नुसती पातळ फळी, अशा दाराला भोक पडायला काय लागतं? उतरवू नका मिस्त्री, जागेवरच करा, दार उतरवत बसायला वेळ नाही. हलत असेल तर खाली पाचर मारा. आणि बाहेरची बाजू विशेष बघा, जिन्यातून येणाऱ्याला आधी तीच दिसते. भोकात लांबीचा लगदा भरायचा, घासायचा, वरून रंग — रंग आहे माझ्याकडे, हाच, डबा जपून ठेवलेला असतो. घरातल्या प्रत्येक रंगाचा थोडा थोडा ठेवतो मी. सवय आहे. वाळायला हा पंखा लावू समोर.

पाचाच्या आत झालं पाहिजे बरं का. बायको यायचीय. आमच्या बारकीला घेऊन — मुलगी आमची, यंदा दुसरीत गेली. आठवडाभर मेव्हणीकडे होत्या दोघी. आता गंमत ऐका, फोनवर काय म्हणाली ही — येईन, म्हणाली, पण दाराला हात लावायचा नाही. भोक तसंच दिसलं तर आत येईन. बुजवलेलं दिसलं तर जिन्यातूनच खाली उतरेन, आणि मग कधीच येणार नाही. असं कुणी बोलतं का? दाराला भोक ठेवून संसार करायचा? समोरच्या काकू येता-जाता डोळा लावतात — परवा मी चहा पीत बसलोय, बघतो तर भोकात डोळा. वर्तमानपत्राचा बोळा कोंबला शेवटी. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. रागात माणूस काय वाटेल ते बोलतं, ते काय मनावर घ्यायचं असतं? स्वच्छ दार बघितलं, ताज्या रंगाचा वास आला, की उतरतो तिचा राग. दरवेळी उतरतो. मी ओळखतो ना तिला.

हसलात? नाही? मला वाटलं हसलात. करा, करा तुम्ही, मी आपला बोलतो, मला काम बघत बोलायची सवय आहे. माझं कामच बोलण्याचं — म्हणजे दुसऱ्यांना बोलायला लावण्याचं. ते टीव्हीवर अस्वल लागतं ना, गुरगुऱ्या? पोरं बघतात ते? ते मी लिहितो. काढणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, आवाज देणारा वेगळा, पण अस्वल काय करणार ते माझ्या डोक्यातून निघतं. आणि करणार काय, तर मारणार. त्याच्या शेजारी एक साळू राहते, काटेवाली, गरीब बिचारी, तिनं काहीतरी बारीकसं म्हणायचं आणि ह्याचं डोकं फिरायचं. मग पाडापाडी. तिचं घर पाडलं, तिला घरासकट नदीत लोटलं, एकदा तिला लाटण्यानं लाटून चपटी केली आणि दोरीवर वाळत टाकली — पोरं हसून हसून लोळतात. आणि शेवटच्या दीड मिनिटात अस्वलाला कळतं. रडतं ते, कान धरतं, साळूला घर बांधून देतं, आणि सगळे प्राणी गोल करून गातात — मोडलं ते जुळलं, अस्वल पुन्हा सुधारलं. ते गाणंही माझंच.

आता यातली मेख सांगतो. दुसऱ्या दिवशी ते विसरलेलं पाहिजे. काल काय शिकलं ते आज अस्वलाला आठवता कामा नये. का? तर वाहिनीवाले भाग कसेही उलटसुलट लावतात. आज विसावा, उद्या तिसरा. विसाव्यात शहाणपण आलं आणि तिसऱ्यात ते दिसलं नाही तर घोळ, म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवशी नव्या माणसाला हेच शिकवतात — कुणाला काही आठवत नाही, आणि शेवटी घर जागच्या जागी. साळूच्या घराचं चित्र एकदाच रंगवलेलं असतं. ते पडलं, फुटलं, जळलं, की ती मोडतोड वेगळ्या पारदर्शक कागदावर काढायची आणि चित्रावर ठेवायची. भाग संपला की कागद उचलायचा. खाली घर नवंकोरं. छान आहे ना? मला तर फार आवडतं ते. माणूस एवढं सगळं आठवणीत ठेवून कुठं जाणार आहे? अस्वल सुखी आहे. आणि तुम्हाला सांगतो, पोरांनाही चालतं, एकही पोर विचारत नाही, की काल तर शहाणा झाला होता, आज परत कसा? फक्त आमच्या बारकीनं विचारलं एकदा, जेवताना. मी म्हटलं, अगं, तो कालचा भाग होता. तर ही — माझी बायको — पोळी लाटायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, नुसतं बघितलं की माझं जास्त डोकं जातं.

हळू ठोका जरा. — सॉरी. ठोका, ठोका. ठोकल्याशिवाय कसं होईल. आवाजाचा त्रास होतो मला हल्ली.

मी वाईट माणूस नाही मिस्त्री. दारू नाही, बाहेर काही नाही, घरातच असतो. फक्त मधेच एकदम हे इथून, मानेतून वर चढतं, आणि मग हात चालतो. आणि लगेच कळतं हो मला. लगेच. तिथंच खाली बसतो, पाय धरतो, रडतो — खोटं नाही, खरं रडू येतं. एकदा असाच रडत होतो, म्हणत होतो, माझे हात माझे नाहीत, तू सांग मी कसा जगू. तर ही तोंडाला ओला रुमाल धरून बसलेली, ती रुमालामागून म्हणते कशी — हे नावेच्या भागातलं आहे. आणि होतंच की ते. अस्वल साळूची नाव बुडवतं, त्या भागातलं. मीच लिहिलेलं. हसायला आलं मला. तिला नाही आलं. पण मला सांगा, दुसरं वाक्य आणू कुठून? मनात जे येतं ते मी तिकडे लिहितो, मग तेच इकडे येणार. खोटं थोडंच होतं ते.

आणि मी मोडलेलं घरात राहू देत नाही, हे बाकी तिनंही मान्य केलं पाहिजे. संध्याकाळच्या आत सगळं पूर्ववत. कप फुटला तर त्याच रंगाचा, त्याच फुलाचा कप. ठेवलेलेच असतात माळ्यावर जास्तीचे. आरसा, कपाटाची काच, बारकीची ती चावीची बदकं — सगळं. हिचा दात सुद्धा बसवून आणला, चांगल्यातला चांगला डॉक्टर गाठून. खऱ्याला मागे सारेल असा दात आहे, तुम्ही बघितलात तर ओळखू येणार नाही कोणता ते. दुसऱ्या दिवशी घरात पाहुणा आला तर त्याला पत्ता लागू नये, असं काम असतं माझं. बारकी मदत करायची. मी काचा वेचायचो, ती सुपलीत भरायची, आणि शेवटचा तुकडा भरला की हळूच गायची ते — मोडलं ते जुळलं. मला इतकं बरं वाटायचं. वाटायचं, चला, झालं, हा भाग संपला.

मग आता असं काय झालं म्हणता? — म्हणाला नाहीत, पण तुमच्या चेहऱ्यावर दिसतंय. ते तडा प्रकरण झालं. आमच्याकडे एक नवीन पोरगी आली होती, घरं-झाडं रंगवायला. कामाला हुशार, पण आपल्याच तंद्रीत. अस्वल साळूच्या भिंतीवर हातोडा मारतं असा भाग होता, भिंतीला तडा जातो — आणि ह्या बयेनं तो तडा काढला कुठं, तर मूळ चित्रावर. वरच्या कागदावर नाही, थेट भिंतीवर. कुणाच्या लक्षात आलं नाही. भाग संपला, कागद उचलला, तडा तिथंच. पुढच्या भागात तिथंच. त्याच्या पुढच्या भागात अस्वल येतं, फुलं घेऊन, गोडगोड बोलतं, आणि त्याच्या मागे भिंतीवर वरपासून खालपर्यंत तडा. मला टीव्हीवरच दिसला तो. अस्वलाचं एक वाक्य खरं वाटेना. मी लिहिलेली वाक्यं, नेहमीचीच, रडणं तेच, कान धरणं तेच — पण पोरं अस्वलाकडे बघेनात, तड्याकडे बघायला लागली. विचारायला लागली, हा कधी नीट करणार? परत पाडणार का? साळूताई तिथं का राहते? वाहिनीवाल्यांना मजा वाटली. ते म्हणाले, असू दे, पोरांना आवडलंय. असू दे! अहो, मग मी लिहू काय? त्या तड्यासमोर अस्वल बोलेल काय? त्याला दिसणार ना तो रोज, घरातून बाहेर पडलं की.

गेलो मी तिच्या टेबलाशी. शांतपणे गेलो. म्हटलं, ते चित्र दे, मी बुजवतो. ती म्हणाली, सर, वरून सांगितलंय राहू द्या. म्हटलं, दे. तिनं खण उघडला, चित्र आत होतं, हात घातला आणि म्हणाली, पण सर, चांगलं वाटतं की ते, खरं वाटतं. तर मी खण बंद केला. बस. खण बंद केला एवढंच. तिची बोटं आत होती. लाकडी खण, जुना, जड, तुमच्यासारख्याच कुणीतरी केलेला. मी गुडघा लावून धरून ठेवला म्हणतात — मला नाही आठवत गुडघा. आवाज मात्र आठवतो. बोटांचा एवढा आवाज होतो हे मला माहीत नव्हतं, कार्यक्रमात तसल्या आवाजासाठी आम्ही गाजर मोडतो. मग मी रडलो तिथंही. सगळ्यांसमोर. आमच्या ऑफिसातल्या मुख्य बाईंनी मला घरी पाठवलं, म्हणाल्या, उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं, उद्या नवा भाग आहे. त्या म्हणाल्या, तुमच्याशिवाय होईल.

घरी आलो तर ही स्वयंपाकघरात. बारकी ओट्याशी याच स्टुलावर बसून मटार सोलत होती. सांगितलं सगळं. म्हणजे बोटांचं नाही, तड्याचं. म्हटलं, एका मूर्ख पोरीनं मूळ चित्र नासवलं, आता जन्मभर तो तडा दिसणार. आणि ही म्हणाली — अगदी सावकाश म्हणाली, हात पुसत — बरं केलं तिनं.

बरं केलं तिनं.

तुम्ही असता तर काय केलं असतंत? मी हिचे केस धरले, डोकं भिंतीला लावलं — आपटलं नाही, लावलं — दोनदा, तीनदा. तेवढ्यात बारकीनं उडी मारून हिचा हात धरला आणि ओढत दाराकडे नेलं. पोरीनं आईला ओढत नेलं, इतकुशा पोरीनं. दार ओढून घेतलं बाहेरून. मी मागून स्टूल फेकलं. हिला मारायला नाही, हवेत फेकलं, राग काढायला. त्याचा पाय गेला आरपार. तेच हे भोक, तुमच्या डाव्या हाताखालचं. पाय वळला तो तेव्हाच.

मला काय माहीत की पोरगी दाराला पाठ लावून उभी असेल? — पाठ नव्हे, कपाळ. कडी बाहेरून लागत नाही ना याची, म्हणून दोन्ही हातांनी दाराची मूठ धरून, कपाळ टेकवून, दार ओढून धरलं होतं तिनं. मी बाहेर येऊ नये म्हणून. पाय बरोबर भुवईच्या वर लागला. डोळा वाचला. डोळा वाचला हे महत्त्वाचं, डॉक्टरही तेच म्हणाला. समोरच्या काकूंनी टॉवेल आणला. मी स्टूल ओढून काढलं आणि भोकातून बघितलं, तर जिन्यात दोघी बसलेल्या, टॉवेल लाल झालेला, आणि बारकी रडत नव्हती. तीही भोकातूनच माझ्याकडे बघत होती. मी गाण्याची पहिली ओळ म्हटली. मोडलं ते. म्हटलं, ती पुढची म्हणेल. दरवेळी म्हणते. ती नाही म्हणाली. हिनं तिचं तोंड आपल्या पोटाशी वळवलं आणि घेऊन गेली.

असो. आता कळलंय मला. या खेपेला खरंच कळलंय, मिस्त्री. या आठवड्यात एकटा बसून इतका विचार केला मी — कानाला खडा लावलाय, हा बघा. आता या हातानं — काय?

काय म्हणालात?

मागच्या वेळी? कुठल्या मागच्या — कपाटाची काच? ती बसवायला तुम्हीच आला होतात? नाही हो. तो कुणी दुसरा होता, जाडसा होता. — तुम्हीच? मग ओळख तरी द्यायची दाराशी. आणि हे मी तुम्हाला तेव्हाही सांगितलं? अस्वलाचं? नावेच्या भागाचं? इथंच उभा राहून? कानाला हात लावून, असाच? — मग गप्प का बसलात इतका वेळ? मजा बघत होतात? मी आपला मूर्खासारखा — नाही, हा हातोडा मी तुम्हाला द्यायलाच उचलला होता. घ्या. घ्या ना. असे मागे काय सरकताय, मी काय खातोय तुम्हाला? लोकांना सरकायचीच सवय लागलीय माझ्यासमोर. रंग मारा तेवढा आणि मोकळे व्हा.

हां. बघा. कुठं होतं ते सांगा बरं आता. मलाही सापडत नाही. हात आहे तुमच्याकडे, मानलं. अजून ओलं आहे, पण दोन्हीकडून रंगाला रंग मिळालाय; वाळेपर्यंत दार असंच लावलेलं, पाचरीवर राहू दे. तिला बघू दे नुसतं एकदा.

थांबा. पंखा बंद करा. पावलं — ऐकलीत? दोघींचीच. बारकी प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवते, ते बघा, टप टप, टप टप. आल्या. सांगितलं नव्हतं मी तुम्हाला? आली की नाही? बोलू नका काही. थांबल्यात दाराशी. बेल वाजवेल आता. तिनंच वाजवू दे, आपण उघडलं की बरं दिसत नाही. — वाजवेल. दार बघत असेल ती.

ऐकलंत? बारकी म्हणाली — आई, भोक कुठं गेलं?

वाजव ना. अगं, वाजव. रंग ओला आहे, हात लागेल, जपून — अगं ए. कुठं चाललीस? दोन पायऱ्या उतरल्या. अगं, माझं ऐकून तरी — दार उघडत का नाहीये हे? पाचर! मिस्त्री, पाचर काढा, तुम्हीच मारलीत ना, काढा लवकर. हातोड्यानं, अहो, हातोड्यानं. नुसते बघताय काय? उतरतायत त्या. भोक पाहिजे होतं तिला. एवढंच ना? भोकच पाहिजे ना? अगं थांब, आहे भोक, इथंच आहे, बुजवलं नाही, दाखवतो — ते स्टूल द्या इकडे. उठा त्याच्यावरून. द्या म्हणतो ना. सोडा. सोडा हात. बाजूला व्हा, ओलं आहे, एका दणक्यात पडेल. बाजूला —

हे बघ. पडलं. मोठं पडलं बघ, आधीपेक्षा मोठं. अगं, दिसतंय का? बारके, इकडे बघ, हा बघ मी, भोकातून बघ. तुझ्या आईला म्हणावं, भोक आहे. म्हणावं, बाबांनी — बारके.

गेल्या.

खालचं दार वाजलं ते. गेल्या.

मिस्त्री, तुमच्या कानशिलातून रक्त येतंय. बसा. मी कुठं मारलं, तुम्हीच मध्ये आलात, मी बाजूला व्हा म्हणत होतो. माझे हात माझे नाहीत हो — नाही, बसा ना, पाय धरतो तुमचे. मला कळलंय आता. खरंच सांगतो, आत्ता, या क्षणी कळलंय. लांबी उरलीय ना डब्यात? रंग पण आहे अजून तळाशी. भरून टाकू. उद्या परत फोन करतो मी तिला, उद्या वेगळं असेल सगळं. हत्यारं का भरताय? पाचर काढलीत, बरं केलंत. पण भोक —

बरं. जा मग. जाताना दार तेवढं ओढून घ्या.